गाडी झाडाखाली गेली, आयडी कुठे गेला?

काम ऐकायला सोपं होतं. एका मोठ्या चौकावर ड्रोन उभा करून व्हिडिओ घ्यायचा आणि प्रत्येक वाहन कोणत्या रस्त्याने आत आलं, कोणत्या रस्त्याने बाहेर पडलं याचा तक्ता करून द्यायचा. वाहतुकीचं नियोजन करणाऱ्यांना तो हवा असतो: इकडून आलेल्यांपैकी किती सरळ गेले, किती वळले, किती उलटे फिरले. नुसती मोजदाद असती तर प्रत्येक रस्त्यावर एक रेघ मारून ती ओलांडणारी वाहनं मोजली की झालं. पण इथे आत आलेली गाडी आणि बाहेर पडलेली गाडी एकच आहे हे ठरवावं लागतं. म्हणजे आत येताना संगणकाने तिला दिलेला ओळखक्रमांक, आयडी, बाहेर पडेपर्यंत तिच्याकडेच राहिला पाहिजे.

आणि चौकात झाडं होती, चांगली डेरेदार. एका बाजूने पूल जात होता. दिशादर्शक फलकाची एक भलीमोठी कमान होती. गाडी यातल्या कशाखाली गेली की ट्रॅक, म्हणजे तिचा सलग माग, तुटायचा आणि पलीकडे तीच गाडी नवा आयडी घेऊन निघायची. पहिल्या तक्त्यात झाडाखाली शिरून कधीच बाहेर न आलेल्या आणि झाडाखालूनच उगवलेल्या गाड्यांचा भरणा होता.

वरून पाहिलं की सगळं दिसतं असा समज असतो, आणि तो अर्धा खरा आहे. खांबावरच्या कॅमेऱ्यात पुढची बस मागच्या चार गाड्या झाकते. वरून पाहताना वाहनं एकमेकांना फारशी झाकत नाहीत, झाकतात त्या चौकातल्या स्थिर वस्तू. झाकणारी वस्तू जागची हलत नाही, हे पुढे फार कामी आलं.

आधी थोडे आकडे, कारण त्यांच्याशिवाय पुढचं काहीच नीट सांगता येत नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर १३.२ मिलिमीटर रुंद आणि फोकल लेंग्थ ८.८ मिलिमीटर. अशा कॅमेऱ्याने १०० मीटरवरून सरळ खाली पाहिलं तर १५० मीटर रुंदीची जमीन चित्रात मावते. चित्र १९२० पिक्सेल रुंद असेल तर एक पिक्सेल म्हणजे साधारण ७.८ सेंटिमीटर. साडेचार मीटरची कार ५८ पिक्सेल लांब दिसते, मोटरसायकल २६ पिक्सेल लांब आणि जेमतेम १० पिक्सेल रुंद. माणूस खांद्यापासून खांद्यापर्यंत सहा-सात पिक्सेल. नंबरप्लेट वाचता येईल का, असं प्रत्येक जण विचारतो. अर्ध्या मीटरची पाटी सहा पिक्सेलांची होईल, आणि वरून ती दिसतच नाही. आम्हाला गाडीच्या मालकाशी काही देणंघेणं नव्हतं, ती आत आली तीच बाहेर गेली का एवढंच हवं होतं.

सुरुवात सर्वांत साध्या जोडणीने केली. वाहनं ओळखायला डिटेक्टर म्हणून योलो घराण्यातलं एक मॉडेल, चित्रातली प्रत्येक वस्तू शोधून तिच्याभोवती चौकट आखणारं, ड्रोनवरून घेतलेल्या चित्रांवर शिकवलेलं. अशा चित्रांचा मोठा साठा व्हिसड्रोन या नावाने २०१८ पासून उपलब्ध आहे, चीनमधल्या त्यानजिन विद्यापीठाच्या गटाने केलेला. त्यात प्रत्येक चौकटीसोबत ती वस्तू किती झाकली गेली आहे याचीही नोंद असते: अजिबात नाही, अर्ध्यापर्यंत, की अर्ध्याहून जास्त. ही नोंद किती मोलाची आहे ते स्वतः लेबलिंगला बसल्यावर कळतं. एका गाडीसाठी माणूसही व्हिडिओ पाच वेळा मागेपुढे करतो आणि मग म्हणतो, हो, हीच ती.

ट्रॅकिंगला, म्हणजे त्या चौकटी जोडून प्रत्येक वाहनाचा माग ठेवायला, सॉर्ट नावाचं २०१६ मधलं सॉफ्टवेअर. त्याची रचना इतकी आटोपशीर आहे की पुढच्या कित्येक ट्रॅकरांचा सांगाडा तोच राहिला. प्रत्येक वाहनासाठी एक काल्मन फिल्टर, जो मागच्या जागा आणि वेग पाहून पुढच्या फ्रेममधली, म्हणजे व्हिडिओतल्या पुढच्या चित्रातली, जागा वर्तवतो. मग वर्तवलेल्या जागा आणि डिटेक्टरने दिलेल्या चौकटी यांच्या जोड्या लावायच्या, त्या हंगेरियन पद्धतीने, म्हणजे सगळ्या जोड्यांची मिळून चूक कमीत कमी राहील अशा. फिल्टर रुडॉल्फ काल्मनच्या १९६० च्या निबंधातला, अपोलो यानांच्या मार्गनिश्चितीत वापरलेला. जोड्या लावायची पद्धत हॅरॉल्ड कुन यांनी १९५५ मध्ये मांडलेली. म्हणजे नवं यात डिटेक्टरच काय तो.

मूळ सॉर्ट मात्र हरवलेला ट्रॅक एका फ्रेमपुरताच सांभाळतं. ताशी ४० किलोमीटरने जाणारी कार १५ मीटरच्या डेऱ्याखाली शिरली तर जवळपास एक सेकंद पूर्ण गायब असते, म्हणजे ३० फ्रेम. सिग्नल लाल असेल तर मिनिटभर. तेव्हा मुदत वाढवायची हा पहिला आणि स्वाभाविक उपाय. मुदत वाढवली की भुतं दिसायला लागतात.

एक प्रसंग स्क्रीनवर पुन्हा पुन्हा लावून पाहिला. पांढरी कार झाडाखाली शिरते. तिची चौकट, आता नुसत्या अंदाजावर चालणारी, त्याच वेगाने पुढे सरकत राहते. खरी कार मात्र खाली ब्रेक लावते, कारण पुढे रांग थांबली आहे. समजा ती २ मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने वेग कमी करते आहे. तीन सेकंदांनी ती अंदाजापेक्षा ९ मीटर मागे असेल, म्हणजे ११५ पिक्सेल, दोन गाड्यांएवढं अंतर. तेवढ्यात भूत-चौकट पलीकडे उघड्यावर येते, तिथे दुसरीच एक पांढरी कार असते, आणि भूत तिच्या अंगात शिरतं. आता आयडी तुटलेला नाही, चुकीच्या गाडीला चिकटला आहे. तुटलेला ट्रॅक निदान दिसतो तरी. चिकटलेला दिसत नाही, तक्त्यात नेटका बसतो आणि सरळ जाणाऱ्यांच्या संख्येत गुपचूप एक भर घालतो. माझ्या मते सगळ्यांत वाईट चूक ही.

त्यामुळे मुदतीच्या आकड्याशी खेळणं सोडलं आणि कॅमेऱ्याकडे वळले.

ड्रोन ‘स्थिर’ आहे असं आपण म्हणतो. उपग्रहांच्या आधारे तो जागा धरून ठेवतो खरा, पण वाऱ्याने इकडेतिकडे होतोच, आणि नाकाची दिशा हळूहळू सरकत राहते. सरळ खाली पाहणारा कॅमेरा एका अंशाने वळला तर चित्राच्या मध्यापासून ९०० पिक्सेलवरची वस्तू १६ पिक्सेलांनी सरकते. हे एका सेकंदात झालं तर तिथली उभी गाडी ताशी साडेचार किलोमीटरने चालली आहे असं ट्रॅकरला वाटतं. कॅमेरा एका अंशाने झुकला तर सगळं चित्रच २२ पिक्सेलांनी सरकतं. दिसणाऱ्या गाडीचं यात फारसं बिघडत नाही, कारण पुढच्याच फ्रेमला डिटेक्टर तिची खरी जागा सांगून चूक दुरुस्त करतो. झाकलेल्या गाडीला दुरुस्त करणारं कोणी नसतं. तिचा अंदाज चित्रातल्या जागेवर बेतलेला, आणि खालचं चित्रच हलून गेलेलं. म्हणून मला वाटतं, झाकल्या गेलेल्या वस्तूंचा माग हा आधी कॅमेऱ्याच्या हालचालीचा प्रश्न आहे आणि नंतर ट्रॅकिंगचा.

उपाय जुनेच आहेत. चित्रातले ठळक कोपरे निवडायचे, ते पुढच्या फ्रेममध्ये कुठे गेले ते शोधायचं, आणि त्यावरून दोन चित्रांमधली होमोग्राफी काढायची. होमोग्राफी म्हणजे सपाट जमिनीचं एक चित्र दुसऱ्या चित्रावर नेमकं बसवणारं तीन-गुणिले-तीनचं कोष्टक. त्याला किमान चार बिंदूंच्या जोड्या लागतात, आपल्याकडे शेकडो असतात, त्यातल्या बऱ्याच खोट्या. खोट्या गाळायला रॅन्सॅक, म्हणजे बहुमताशी न जुळणाऱ्या जोड्या टाकून देणारी पद्धत. कोपऱ्यांचा माग काढायची लुकास-कनाडे पद्धत १९८१ ची, रॅन्सॅकही त्याच वर्षीचं. ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअर-संग्रहात दोन्ही तयार मिळतात.

तयार मिळतात, पण चौक आपल्या स्वभावावर जातो. लांब रांग एकदम सुटली की तिच्यावरचे सगळे बिंदू एकाच दिशेने एकाच चालीने निघतात. रॅन्सॅक बहुमताचं ऐकतं. गाड्यांचं बहुमत झालं की त्याच्या लेखी गाड्या स्थिर आणि रस्ता मागे पळतो. म्हणून डिटेक्टरने दाखवलेल्या सगळ्या चौकटी आधी झाकून टाकल्या, तिथले बिंदू घ्यायचेच नाहीत. झाडांचे शेंडे हा दुसरा त्रास. शेंडा जमिनीच्या पातळीवर नसतो, त्यामुळे ड्रोन थोडा सरकला की रेल्वेच्या खिडकीतून जवळचे खांब पळताना दिसतात तसा तो खालच्या रस्त्यापेक्षा जास्त सरकतो. वर पानं हलतात ती वेगळीच. झाडांवरचे बिंदूही बाद.

तिसरी गोष्ट सावल्यांची, आणि ती मला सगळ्यांत मजेशीर वाटली. मी फ्रेम-दर-फ्रेम साखळी न करता प्रत्येक फ्रेम थेट एका ठरावीक संदर्भ-चित्राशी जुळवत होते, कारण साखळीत छोट्या चुका साठत जातात. पण सूर्य तासाला १५ अंश पुढे जातो. वीस मिनिटांच्या चित्रीकरणात पाच अंश. सावलीची कड हा कोपरा म्हणून अगदी ठळक असतो, आणि तो निवांतपणे सरकत असतो. शेवटी फक्त रंगवलेल्या खुणा ठेवल्या: झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, बाण, थांबण्याची रेघ, दुभाजकाची टोकं. त्यानंतर चित्र असं खिळून बसलं की उभ्या गाड्या खरंच उभ्या राहिल्या.

रस्त्यावर टेपने एक अंतर मोजून आणलं होतं. त्यावरून सगळे पिक्सेल मीटरमध्ये बदलले आणि काल्मन फिल्टर मीटरमध्ये चालवला. हा बदल कोडमध्ये चार ओळींचा असेल, पण त्याने विचार करण्याची भाषाच बदलते. पिक्सेलमधला ‘नॉइज’, म्हणजे फिल्टरने धरायची अनिश्चितता, किती ठेवायचा हे चाचपडत ठरवावं लागतं. मीटरमध्ये प्रश्न सरळ आहे: नेहमीच्या चालवण्यात कार किती जोरात वेग वाढवते किंवा कमी करते? ३ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर क्वचित. तोच आकडा घालायचा.

आता झाड. गाडी झाडाखाली शिरतानाचा क्षण मी फ्रेम-फ्रेम करून पाहिला, कारण एक गोष्ट पटत नव्हती. आत शिरण्याच्या आधी फिल्टर दर वेळी वेग कमी झाल्याचं सांगत होता. सगळेच चालक झाडापाशी ब्रेक लावतात की काय? तसं नव्हतं. कारचं नाक डेऱ्याच्या कडेखाली जातं तेव्हा डिटेक्टर फक्त दिसणाऱ्या भागाभोवती चौकट आखतो. चौकटीची पुढची बाजू डेऱ्याच्या कडेशी अडकून राहते, मागची बाजू गाडीच्या वेगाने पुढे येत असते. चौकटीचा मध्य या दोन्हींच्या मधोमध, म्हणून तो गाडीच्या बरोबर निम्म्या वेगाने सरकतो. फिल्टर बिचारा मध्यावर विश्वास ठेवतो आणि समजतो की गाडीचा वेग निम्म्यावर आला. आणि हाच निम्मा वेग पुढच्या सगळ्या आंधळ्या अंदाजाला पायाभूत! बाहेर येताना हेच उलट: आता मागची बाजू कडेशी अडकलेली आणि नाक पुढे जाणारं, वेग पुन्हा निम्मा.

यावर करायचं ते फार नाही. गाडीची लांबी उघड्यावर असतानाच पक्की करून ठेवायची. चौकट डेऱ्याच्या कडेला टेकली की मध्य वापरायचा नाही. आत शिरताना मागचा बंपर मोजायचा, बाहेर येताना पुढचा, आणि मध्य लांबीवरून काढायचा. एवढ्याने आंधळे अंदाज जितके सुधारले तितके कोणत्याही मोठ्या मॉडेलने सुधारले नसते असं माझं ठाम मत झालं आहे.

इथेच बाइटट्रॅक या दुसऱ्या ट्रॅकरची एक कल्पना उपयोगी पडली. हे २०२१ मध्ये आलं. डिटेक्टर प्रत्येक चौकटीला खात्रीचा गुण देतो आणि आपण सहसा कमी गुणांच्या चौकटी टाकून देतो. अर्ध्या झाकलेल्या गाडीचा गुण नेमका कमी असतो. बाइटट्रॅक आधी भारी गुणांच्या चौकटी जुळवतं आणि उरलेल्या ट्रॅकना हलक्या गुणांच्या चौकटींशी जुळवून पाहतं. कचऱ्यात जाणारी शेपटी अशी हाती लागते आणि गाडी आणखी काही फ्रेम दिसत राहते.

पण सगळ्यात मोठा फरक पडला तो ट्रॅकरला झाडं कुठे आहेत हे सांगितल्याने. ‘दिसली नाही’ आणि ‘दिसू शकत नव्हती’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि साध्या ट्रॅकरला ते ठाऊकच नसतं. त्याच्या दृष्टीने दोन्हीकडे चौकट आली नाही एवढंच. मी संदर्भ-चित्रावर प्रत्येक डेरा, पूल आणि कमान यांच्या कडा हाताने आखल्या. मग नियम असा: अंदाजाची जागा आखलेल्या भागात असेल तर गाडी न दिसणं हे अपेक्षितच, ट्रॅक जिवंत ठेवायचा, लागेल तितका वेळ. अंदाजाची जागा उघड्या रस्त्यावर असेल आणि तिथे काहीच दिसत नसेल तर ती बातमी आहे: गाडी तिथे नाही. म्हणजे अजून झाडाखालीच आहे. भूत उघड्यावर यायचं कारणच उरत नाही. अंदाज डेऱ्याच्या कडेशी आला आणि बाहेर कोणी दिसलं नाही की त्याला तिथेच थोपवायचं, आणि खाली थांबली असण्याची शक्यता वाढवायची.

झाडाखालची गाडी चालते आहे की थांबली आहे हे शेजारचेही सांगतात. डेऱ्याच्या पलीकडे, त्याच लेनमध्ये दिसणारी शेवटची गाडी उभी असेल तर तिच्या मागे झाडाखाली असलेल्यांना दुसरा पर्यायच नाही. रांग सुटली की त्यांनाही निघावंच लागेल. मी प्रत्येक झाकलेल्या गाडीसाठी ‘चालत राहिली’ आणि ‘थांबली’ असे दोन अंदाज एकदम सांभाळले, आणि दिसणाऱ्या शेजाऱ्यांवरून त्यांचं वजन कमीजास्त करत राहिले. रडारवाल्यांनी हे फार आधी केलं आहे. १९७९ मध्ये डोनाल्ड रीड यांनी अनेक शक्यता एकाच वेळी जिवंत ठेवून निर्णय पुढे ढकलण्याची पद्धत मांडली, आणि दोन-तीन चालींची मिसळ करणारा फिल्टर १९८८ मध्ये ब्लोम आणि बार-शालोम यांनी दिला. विमान ढगाआड जाण्याची चिंता रडारला नसते, पण प्रतिध्वनी मधेच न येणं, दोन विमानांची वाट एकमेकींना छेदणं, हे सगळं त्यांच्याकडे होतंच.

लेनचाही आधार घेतला. झाडाखाली कार लेन सहसा बदलत नाहीत, निदान १५ मीटरच्या टप्प्यात तरी. त्यामुळे जो आधी आत गेला तो आधी बाहेर, हा नियम लावता येतो. अनिश्चिततेचं वर्तुळ न काढता लेनच्या दिशेने लांबुळकी पट्टी काढली, आडवी मीटरभर आणि उभी हवी तेवढी. कार, बस, ट्रक यांच्या बाबतीत हे छान चाललं. मोटरसायकलींनी मात्र कोणताच नियम पाळला नाही, ट्रॅकरचाही नाही. त्या दोन कारच्या फटीतून पुढे सरकतात, सावलीत थांबतात, उलट्या फिरतात, आणि २६ पिक्सेलांच्या जिवाला रंगरूप तरी काय असणार.

रंगरूपाचं सांगायचं तर, २०१७ च्या डीप सॉर्टपासून दिसण्यावरून ओळख पटवणारं वेगळं न्यूरल नेटवर्क जोडायची पद्धत रूढ झाली. ते माणसांच्या जवळून घेतलेल्या चित्रांत झकास काम करतं. वरून दिसणाऱ्या पांढऱ्या कारच्या छतांत फरक करणं हे दुसऱ्या जातीचं काम आहे. त्यातून सावलीतून उन्हात आल्यावर त्याच छताचा रंग बदलतो. मी रंगाला थोडंच वजन दिलं, आणि मीटरमध्ये मोजलेल्या लांबी-रुंदीला जास्त. बस आत जाऊन कार बाहेर येत नाही, एवढं तरी त्याने पक्कं होतं.

मग एक प्रश्न स्वतःलाच विचारला, जो बऱ्याच ट्रॅकिंगच्या कामांत विचारायचा राहून जातो: निकाल आत्ताच्या आत्ता हवा आहे का? ड्रोनने गाडीचा पाठलाग करायचा असेल तर हवा. इथे तक्ता द्यायला अवकाश होता. म्हणजे गाडी झाडाखाली गेल्यावर ती पलीकडे कुठे निघाली हे आपल्याकडे आधीच चित्रित झालेलं आहे. भविष्य हातात असताना अंदाज का करत बसायचं? म्हणून झाकल्या भागाशी ट्रॅक मुद्दाम तोडले. आत शिरणारे तुकडे एका बाजूला, बाहेर पडणारे दुसऱ्या बाजूला. पहिले काळात पुढे चालवले, दुसरे मागे, आणि झाडाखाली दोन्ही कुठे भेटतात ते पाहून हंगेरियन पद्धतीने सगळ्यांची एकत्र जोडणी केली. मधली वाट दोन्ही टोकांवरून आखली. थेट चालणाऱ्या ट्रॅकरमध्ये याचाच एक चुलतभाऊ आहे, ओसी-सॉर्ट: गाडी पुन्हा दिसली की ते मधल्या काळाची एक काल्पनिक वाट आखून फिल्टरमध्ये साठलेली चूक मागे जाऊन दुरुस्त करतं.

निकाल मोजताना मोटा या प्रचलित मापावर विसंबले नाही. त्यात आयडीची अदलाबदल झाली की एक चूक धरली जाते, मग ती चुकीची ओळख पुढे दोन सेकंद टिको की दोन मिनिटं. आमच्या तक्त्यासाठी ती एकच चूक म्हणजे एक वाहन चुकीच्या रस्त्याला गेलं. आयडीएफ-१ हे २०१६ चं माप आणि २०२० मधलं होटा ही दोन्ही ओळख किती वेळ टिकली हे बघतात. त्यांवर नजर ठेवली, आणि शेवटचा शब्द हाताने तपासलेल्या तक्त्याचा.

एवढं सगळं झाल्यावर दुसऱ्या चित्रीकरणाची संधी मिळाली, आणि तिथे कोडपेक्षा त्रिकोणमितीने जास्त काम केलं. एखादी वस्तू किती जमीन झाकते हे तिची उंची, ड्रोनची उंची आणि दोघांमधलं आडवं अंतर यांवर ठरतं. ड्रोन १०० मीटरवर, इमारत २० मीटर उंच आणि तिची कड ड्रोनच्या थेट खालच्या बिंदूपासून ६० मीटर दूर असेल तर तिच्यामागची १५ मीटर जमीन झाकली जाते. म्हणजे अख्खी लेन, शिवाय आणखी काही. तीच कड थेट ड्रोनखाली आली तर मागचं काहीच झाकलं जात नाही. उंची वाढवून १२० मीटर केली, अनेक देशांत परवानगीची मर्यादा तेवढीच आहे, तर १५ चे १२ होतात. त्यापेक्षा ड्रोन ४० मीटर बाजूला नेणं कितीतरी फायद्याचं. झाडाचंही तसंच: तिरकं पाहिलं तर ते डेऱ्यापलीकडचा रस्ताही झाकतं, वरून पाहिलं तर फक्त डेऱ्याखालचा. चौकाच्या भौमितिक मध्यावर ड्रोन उभा करायची सवय सोडून तो झाडांच्या बाजूला सरकवला आणि वेळ भर दुपारची घेतली, म्हणजे सावल्या आखूड.

थर्मल कॅमेरा लावा, झाडातून दिसेल, असा सल्ला मिळाला होता. पानं उष्णतेचे किरणही अडवतात. फटींतून जेवढं दिसतं तेवढंच दिसतं. मात्र या फटींचाच उपयोग करणारं एक सुंदर काम ऑस्ट्रियातल्या लिंत्सच्या योहान्नेस केप्लर विद्यापीठात ऑलिव्हर बिंबर यांच्या गटाने केलं आहे. ड्रोन जंगलावरून जाताना वेगवेगळ्या जागांवरून चित्रं घेतो, मग ती सगळी जमिनीच्या पातळीवर जुळवून एकावर एक ठेवतात. वरच्या फांद्या प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी येतात, म्हणून धूसर होऊन विरतात. जमिनीवरचा माणूस प्रत्येक वेळी एकाच जागी येतो, म्हणून उमटतो. हरवलेल्यांच्या शोधासाठी हे आहे. आमच्या उभ्या ड्रोनला ते लागू नव्हतं, त्याला हलावं लागतं.

पूल मात्र शेवटपर्यंत पूलच राहिला. त्याच्या खाली उलटं फिरायला वाट होती, कडेला थांबायला जागा होती, आणि वरून दिसणाऱ्या दोन पांढऱ्या कार आत जाऊन पाच सेकंदांच्या अंतराने दोन वेगळ्या दिशांनी बाहेर पडल्या तर कोणती कोणती हे सांगायला कोणताही फिल्टर पुरेसा नाही. तिथे जोडणीची सर्वांत चांगली आणि दुसऱ्या क्रमांकाची शक्यता यांत फरक अगदी थोडा असेल तर ट्रॅकरने निर्णय घ्यायचाच नाही असं ठरवलं. तक्त्यात ‘अनिश्चित’ असा एक रकाना वाढवला, आणि त्यातल्या प्रत्येक वाहनासाठी आत शिरतानाची आणि बाहेर पडतानाची क्लिप शेजारी-शेजारी ठेवली, माणसाने पाहून ठरवावं म्हणून. ज्यांनी काम दिलं होतं त्यांना आधी हा रकाना आवडला नाही. मग त्यांच्यातल्या एकाने पुलाखाली माणूस उभा करून हातमोजणी करायची तयारी दाखवली, फक्त मोटरसायकलींची, फक्त गर्दीच्या तासात. तेवढी मोजणी आली की पुलाखालच्या जोड्या तिच्याशी ताडून पाहायच्या आहेत.